कॅल्क्युलस सामान्य माणसाने शिकावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवताना, आणि नोकरी-धंद्यातल्या मोठ्या माणसांना हौसेखातर शिकवताना, जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एका ठिकाणी आणले आहेत. उत्तरं माझी आहेत. सगळ्या गणितवाल्यांना ती पटतीलच असं नाही.

थोडक्यात सांगा: शिकावं की नाही?

त्यातल्या दोन कल्पना शिकाव्यात, आणि त्या प्रत्येकाने. पहिली, एखादी गोष्ट या क्षणी किती वेगाने बदलतेय हे कसं मोजायचं (हा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह). दुसरी, क्षणाक्षणाला होणारे लहान बदल साठत जाऊन एकूण किती होतं ते कसं काढायचं (हे इंटिग्रेशन). आणि या दोन क्रिया एकमेकींच्या उलट आहेत, हेही. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन महिन्यांत एवढं जमतं.

बारावीच्या पुस्तकातल्या इंटिग्रेशनच्या ढीगभर युक्त्या मात्र ज्याला परीक्षा द्यायची आहे त्यानेच कराव्यात. बाकीच्यांनी त्यांच्या वाटेलाही जाऊ नये.

बारावीनंतर वीस वर्षं झाली, एकदाही वापरलं नाही. मग कशाला?

तक्रार रास्त आहे. पण वापरल्या नाहीत त्या युक्त्या. साइन वर्ग एक्सचं इंटिग्रल बँकेत कुणी विचारत नाही, लग्न जमवतानाही विचारत नाही.

यावर शिक्षकांचं ठरलेलं उत्तर असतं: 'अहो, मोबाइल, पूल, रॉकेट, सगळीकडे कॅल्क्युलस आहे!' मला हे उत्तर मुळीच पटत नाही. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला ते यावं लागतं, पुलावरून जाणाऱ्याला नाही. सामान्य माणसाने शिकायचं ते स्वतःच्या समजुतीत फरक पडत असेल तरच. असा फरक कुठे पडतो, ते पुढच्या काही प्रश्नांत पाहू.

सामान्य माणसाच्या वाट्याला कॅल्क्युलस येतं तरी कुठे?

पावसाळ्यात येतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपली वर्तमानपत्रं आणि व्हॉट्सॲप ग्रुप कॅल्क्युलसने भरून वाहत असतात, तसं कुणी म्हणत नाही एवढंच. 'खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक विसर्ग', 'कोयनेत इतके टीएमसी साठा', 'आवक घटली'. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे हा वेग झाला. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हा साठा झाला. एकाच बातमीत दोन्ही आकडे असतात आणि वाचणारा दोन्हींचा अर्थ 'किती पाणी' असाच घेतो.

दोन्हींचं नातं एकदा हाताने हिशेब करून पाहा. विसर्ग १ लाख क्युसेक असेल तर १ टीएमसी पाणी बाहेर पडायला १० हजार सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास. चोवीस तासांत १ टीएमसी सोडायचं असेल तर सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग लागतो. हा एक आकडा ध्यानात ठेवला की पुढे सगळ्या बातम्या वेगळ्या दिसायला लागतात.

खडकवासल्याचंच घ्या. त्याचा उपयुक्त साठा अवघा १.९७ टीएमसी. पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चारही धरणांचा मिळून २९ टीएमसीच्या आसपास, पण पुण्याच्या उंबरठ्यावरचं धरण सर्वांत लहान. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. त्या वेगाने १ टीएमसी जायला आठ तास लागतात. म्हणजे वरून एक थेंबही आला नाही असं धरलं, तर पूर्ण भरलेलं खडकवासला सोळा तासांत रिकामं होईल. उलट बाजूने वाचा: वरच्या डोंगरात धो धो पाऊस लागून तेवढीच आवक सुरू झाली, तर रिकामं धरण तेवढ्याच वेळात तुडुंब भरेल. कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. तिथे हाच पूर आठवडाभर पोटात घेता येतो. लहान धरणाला ती सोय नाही. 'आधीच का नाही सोडलं?' हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा, पण विचारण्याआधी हा हिशेब केलेला बरा.

आता विसर्ग काही दिवसभर एकच राहत नाही. समजा दोन तास १० हजार, मग तीन तास २० हजार, मग चार तास ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं. एकूण किती गेलं? २०, ६० आणि १४० हजार यांची बेरीज २ लाख २० हजार. तिला तासाच्या ३,६०० सेकंदांनी गुणा. ७९ कोटी २० लाख घनफूट, म्हणजे ०.७९ टीएमसी. अभिनंदन, तुम्ही आत्ता इंटिग्रेशन केलंत. तासाऐवजी मिनिटाचे, मिनिटाऐवजी सेकंदाचे आकडे घेत गेलात की उत्तर जास्त अचूक होत जातं, आणि ते शेवटी कुठे जाऊन टेकतं हे सांगणं म्हणजे लिमिट.

पाऊस थांबला, आवक कमी होतेय, तरी धरणाची पातळी वाढतेच आहे. हे कसं?

हा प्रश्न मुळात गणिताच्या वर्गातला नाहीच, सोसायटीच्या ग्रुपवरचा आहे. पण उत्तर गणिताचं आहे, म्हणून इथे घेतला.

आवक तासागणिक ४० हजार, ३५ हजार, ३० हजार, २५ हजार क्युसेक अशी उतरत चालली आहे आणि विसर्ग २० हजारांवर स्थिर आहे असं समजा. आवक दर तासाला घटतेय. पण ती अजून विसर्गापेक्षा जास्त आहे, म्हणून साठा दर तासाला वाढतोय, फक्त आधीपेक्षा सावकाश. आवक आणि विसर्ग ज्या क्षणी सारखे होतील त्या क्षणी पातळी सर्वांत वर असेल. पाऊस सर्वांत जोरात असतो तो क्षण वेगळा आणि पातळी सर्वांत वर असते तो वेगळा. दुसरा बऱ्याच वेळाने येतो. 'कमाल बिंदूवर डेरिव्हेटिव्ह शून्य' हे वाक्य बारावीत लाखो मुलं पाठ करतात. त्याचा अर्थ एवढाच आहे.

करोनाच्या लाटेतही हेच घडत होतं. रोजचे नवे रुग्ण कमी व्हायला लागले तरी रुग्णालयांतल्या खाटा भरतच होत्या, कारण बरे होऊन घरी जाणाऱ्यांपेक्षा येणारे अजून जास्त होते.

'महागाई कमी झाली' म्हणतात, मग भाजी स्वस्त का होत नाही?

कारण कमी झाला तो किंमत वाढण्याचा वेग. १०० रुपयांची थाळी एका वर्षाने १०८ ला झाली आणि त्याच्या पुढच्या वर्षी ११३ ला. महागाईचा दर ८ टक्क्यांवरून साडेचारच्या थोडा वर आला, म्हणजे बराच उतरला. तुमच्या खिशातून मात्र पाच रुपये जास्तच गेले. थाळी परत १०० ला यायची तर महागाईचा दर शून्याच्या खाली जावा लागेल. ते कुणाचं उद्दिष्टही नाही: रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून ठरवून दिलेलं लक्ष्य ४ टक्के आहे, दोन टक्के वर-खाली. किमती दरवर्षी थोड्या वाढत राहाव्यात, असंच ते आहे.

सरकार पक्षाचा प्रवक्ता वेगाबद्दल बोलतो, विरोधी पक्षाचा किमतीबद्दल. दोघेही खरं बोलत असतात आणि टीव्हीवर तासभर भांडतात. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी तर महागाई वाढण्याचा वेग कमी होत असल्याचं जाहीर केलं होतं. किंमत, तिचा वेग म्हणजे महागाई, महागाईचा वेग, आणि तो वेगही आता उतरतोय! निवडणुकीच्या वर्षात तिसरा डेरिव्हेटिव्ह वापरल्याबद्दल गणितवाले त्यांना अजून मानतात.

घराचा हप्ता, एसआयपी, व्याज यांसाठी लागतं का?

नाही. चक्रवाढीचं सूत्र आणि टक्केवारी पक्की असली की काम भागतं. ३० लाखांचं कर्ज, ९ टक्के दर, २० वर्षं: हप्ता सुमारे २७ हजार आणि एकूण परतफेड पावणेपासष्ट लाखांच्या आसपास. हे साध्या गुणाकार-भागाकाराने निघतं, मोबाइलवर तर एका मिनिटात. कॅल्क्युलस शिकलात की श्रीमंत व्हाल, असं कुणी क्लासच्या जाहिरातीत सांगत असेल तर तो क्लास टाळा.

मग पैशांच्या बाबतीत काहीच उपयोग नाही?

आहे, पण तो हप्ता काढण्यात नाही. 'सरासरी' आणि 'शेवटचा' यांतला फरक कळण्यात आहे.

वीजबिल घ्या. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिट, मग ३००, मग ५०० असे आहेत आणि वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. सोयीसाठी गोल आकडे धरू: पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये, पुढच्यांना ११. वापर २५० युनिट असेल तर बिल ५०० अधिक १,६५०, म्हणजे २,१५० रुपये. सरासरी युनिटला ८ रुपये ६० पैसे. आता गिझर जरा कमी वापरून ३० युनिट वाचवले तर किती वाचले? बहुतेक जण सरासरीने गुणून २५८ म्हणतात. खरं उत्तर ३३०, कारण वाचतात ती वरची, महागडी युनिटं. सोलर बसवावं का, पंखे बदलावेत का, हे ठरवताना हाच दर धरायचा असतो.

आयकराचंही तेच. 'पगारवाढ घेतली तर वरच्या स्लॅबमध्ये जाईन आणि हातात कमी येईल' ही भीती शिकल्यासवरल्या माणसांतही आढळते. स्लॅबचा वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो.

गंमत अशी की कला आणि वाणिज्य शाखेची मुलं अर्थशास्त्रात हे सगळं शिकतात: सीमान्त उपयोगिता, सीमान्त खर्च, घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त. हा 'सीमान्त' म्हणजे शेजारच्या वर्गातला डेरिव्हेटिव्ह आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. आणि सायन्सच्या मुलांना डेरिव्हेटिव्ह काढता येतो, पण वीजबिल वाचता येत नाही.

शेतकरी, दुकानदार, डॉक्टर, वकील यांच्यापैकी कुणाला लागतं?

वकिलाला नाही. दुकानदाराला आणि शेतकऱ्याला वर सांगितलेला 'शेवटच्या'चा विचार लागतो, आणि अनुभवी माणूस तो मनातल्या मनात करतच असतो. उसाला युरियाची पहिली गोणी जितकं उत्पन्न वाढवते तितकं पाचवी वाढवत नाही. शेवटच्या गोणीमुळे वाढलेल्या उसाची किंमत गोणीच्या किमतीइतकी झाली की थांबायचं. एकूण खर्च आणि एकूण उत्पन्न यांची तुलना करणारा माणूस इथे फसतो, कारण एकूण हिशेबात फायदा दिसतच असतो.

डॉक्टरला औषधाच्या अर्धायुष्यासाठी लागतं. निरोगी माणसाच्या रक्तातलं कॅफिन साधारण पाच तासांत निम्मं होतं. रात्री नऊला घेतलेल्या चहा-कॉफीतलं निम्मं पहाटे दोनला अंगात असतं. जितकं शिल्लक, तितक्या प्रमाणात घटण्याचा वेग, असा हा नियम आहे आणि तो पुरता समजायचा तर कॅल्क्युलसची ओळख लागते. डोस लिहून देताना मात्र कुणी समीकरण सोडवत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा, पण सूत्रांची भीती न घालता.

गाडीचा ब्रेक. कोरड्या रस्त्यावर चांगल्या स्थितीतली कार जोरात ब्रेक दाबल्यावर दर सेकंदाला आपला वेग ७ मीटर प्रतिसेकंदाने कमी करते असं धरू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. गाडी थांबायला दोन सेकंद लागतील. या दोन सेकंदांत ती किती पुढे जाईल?

कागदावर आडव्या रेषेवर वेळ घ्या, उभ्या रेषेवर वेग. वेग १३.९ पासून सरळ रेषेत उतरत दोन सेकंदांनी शून्यावर येतो. त्या तिरक्या रेषेखाली एक त्रिकोण तयार होतो आणि त्याचं क्षेत्रफळ म्हणजेच कापलेलं अंतर: पाया दोन, उंची १३.९, निम्मे केले की सुमारे १४ मीटर. क्षेत्रफळ अंतर कसं होऊ शकतं असा प्रश्न पडला असेल, तर धरणाचा हिशेब पुन्हा बघा. तिथेही विसर्गाला वेळेने गुणून आपण आयतांची क्षेत्रफळंच मिळवत होतो.

आता वेग ताशी १००. थांबायला चार सेकंद. त्रिकोणाची उंची दुप्पट झाली आणि पायाही दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट: ५५ मीटर. 'वेग दुप्पट, तर अंतर दुप्पट' असं मनात धरून गाडी चालवणारा माणूस इथे सत्तावीस मीटरने चुकतो. त्यात पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा; ताशी १०० ला तेवढ्यात आणखी २८ मीटर जातात. एकूण ८३.

आणि डेरिव्हेटिव्ह? ताशी ५० ला असताना वेग ३.६ किलोमीटरने वाढवला, म्हणजे सेकंदाला एक मीटरने, तर ब्रेक दाबल्यानंतर थांबायला लागणारं अंतर सुमारे दोन मीटरने वाढतं. ताशी १०० ला असताना तेवढाच वेग वाढवला तर चार मीटरने. 'थोडंसं वाढवलं तर काय बिघडतं' याचं उत्तर तुम्ही आत्ता कितीवर आहात यावर अवलंबून असतं. हे ज्याला आतून पटलं त्याला डेरिव्हेटिव्हचा निम्मा धडा आला.

एक्स्प्रेस-वेवर कॅमेऱ्यापुढे वेग कमी केला तरी चलान आलं. हे न्याय्य आहे का?

गणिताच्या दृष्टीने, पूर्णपणे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या यंत्रणेत दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही तपासतात. २० किलोमीटर अंतर १० मिनिटांत काटलं असेल तर सरासरी ताशी १२० झाली. मग वाटेत किमान एका क्षणी तुमचा काटा बरोबर १२० वर होताच होता. कुणी पाहिलं नसलं तरी. बारावीच्या पुस्तकात हा लग्रांजचा मध्यमान सिद्धान्त म्हणून असतो आणि मुलं त्यावर दोन-तीन मार्कांचं गणित सोडवून मोकळी होतात.

कॅल्क्युलस न्यूटनने शोधलं की आपल्याकडेच होतं?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड फिरत असतात, म्हणून जरा सविस्तर.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा. ग्रहाचा वेग सतत बदलतो, म्हणून दिवसाची सरासरी गती पुरत नाही, विशिष्ट क्षणाची हवी, हे त्यांनी ओळखलं आणि तिला तात्कालिक गती म्हटलं. साइनमधला छोटा फरक कोसाइनच्या प्रमाणात असतो, हेही त्यांनी वापरलं. ग्रहाच्या सरासरी स्थानात करावी लागणारी दुरुस्ती जिथे सर्वांत जास्त होते, तिथे ती बदलण्याचा वेग शून्य असतो, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. आपल्यासाठी हे नुसतं 'प्राचीन भारत' नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

पुढे केरळात, चौदाव्या शतकात, संगमग्रामच्या माधवाने पायसाठी आणि साइन-कोसाइनसाठी अनंत श्रेणी काढल्या. १ वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश अशी न संपणारी बेरीज-वजाबाकी पायच्या चौथाईला जाऊन भिडते, ही त्याच परंपरेतली. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने 'युक्तिभाषा' लिहिली, तीही मल्याळममध्ये, आणि नुसते निष्कर्ष न देता उपपत्तीसकट.

मग न्यूटन-लायब्निझने काय केलं? १६६० च्या दशकात न्यूटनने आणि पुढच्या दशकात लायब्निझने कुठल्याही फलाला (फंक्शनला) लावता येईल अशी एकच रीत तयार केली, आणि वेग काढणं व साठा काढणं या परस्परविरुद्ध क्रिया आहेत हे मध्यभागी ठेवलं. लायब्निझने १६८४ मध्ये ती छापली. त्याची चिन्हं आपण अजून वापरतो. भास्कराचार्य आणि माधव यांच्याकडे मोलाचे तुकडे होते, पण सगळीकडे चालणारं यंत्र नव्हतं. एवढं म्हटल्याने कुणाचाच मान कमी होत नाही. केरळातलं काम युरोपात पोचलं होतं याचा पुरावा मिळालेला नाही.

आधी कॅल्क्युलस की आधी संख्याशास्त्र?

संख्याशास्त्र. यात मला शंका नाही. सरासरी आणि मध्यक यांतला फरक, दहा जणांवर केलेल्या चाचणीवर किती विश्वास ठेवायचा, 'धोका दुप्पट झाला' म्हणजे लाखात एकाचे दोन की शंभरात दहाचे वीस, हे रोज लागतं. टक्केवारी कच्ची असेल तर त्याच्याही आधी ती.

मुलगी अकरावीत जीवशास्त्र घेऊन गणित सोडते म्हणते. सोडू द्यावं का?

वैद्यकीयलाच जायचं पक्कं असेल तर 'नीट' या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर नाही, सोडून चालतं. मात्र त्याच पेपरातल्या भौतिकशास्त्राला थोडं डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन लागतंच, ते भौतिकशास्त्राचे शिक्षक घाईघाईने दोन तासांत उरकतात.

पक्कं नसेल तर दोन्ही ठेवावेत, ओझं झालं तरी. गणित सोडलं की इंजिनिअरिंग, एनडीएतून हवाई दल किंवा नौदल, मर्चंट नेव्ही, दिल्ली विद्यापीठातली अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी, ही दारं बंद होतात. सीए फाउंडेशनला गणिताच्या पेपरात मूलभूत डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन आहे. वाणिज्य शाखेत गणित सोडलेल्यांना ते तिथे नव्याने भेटतं आणि घाम फोडतं. सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय विसाव्या वर्षी बदलायचा तर गणित नंतर जोडणं फार जड जातं, जीवशास्त्र त्या मानाने सोपं.

आता सगळं एआय सोडवतं. मग शिकायचं कशाला?

युक्त्या शिकायच्या नाहीत असं मी वर म्हटलं, ते याचसाठी. इंटिग्रल सोडवायचं काम यंत्राने करावं. पण कशाचा वेग काढायचा, कुठला आकडा साठा आणि कुठला प्रवाह, आलेलं उत्तर शक्य कोटीतलं आहे का, हे विचारणाऱ्यालाच ठरवावं लागतं. यंत्र चुकीच्या प्रश्नाचंही उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने देतं.

शिवाय ते यंत्र स्वतः शिकतं ते डेरिव्हेटिव्हच्या जोरावर. आतले कोट्यवधी आकडे थोडे थोडे बदलायचे, आणि कुठला कुठल्या बाजूला सरकवला की चूक कमी होईल हे डेरिव्हेटिव्ह सांगतो. उताराच्या दिशेने लहान पाऊल टाकण्याची ही रीत कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८४७ मध्येच मांडली होती.

मला गणिताची भीती वाटते. हे हुशार लोकांचं काम नाही का?

आपल्याकडे गणिताला फार उंच मखरात बसवलं गेलं आहे. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ ला केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि 'रँग्लर' हे त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण त्याचा उलटा परिणामही झाला: रँग्लर होणार नसेल तर गणिताच्या वाटेला जाऊ नये, असं घराघरांत ठरून गेलं. गाणं शिकताना कुणी भीमसेन व्हायची अट घालत नाही.

मोठ्या माणसांना शिकवताना मला वारंवार दिसतं ते हे: अडतात ते कॅल्क्युलसला अडत नाहीत, अपूर्णांकांना आणि बीजगणिताला अडतात. तिथला खड्डा आधी बुजवला की पुढे गाडी चालते. आठवी ते दहावीची पुस्तकं पुन्हा उघडायला लाज वाटू देऊ नका.

मराठीतून शिकता येईल का?

कल्पना मराठीतून शिकाव्यात, चिन्हं आहेत तशी ठेवावीत. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलं अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत पडतात आणि त्यातली बरीच गणितात नव्हे, भाषेत बुडतात. त्यांना वर्षाच्या सुरुवातीला धरणाचं आणि ब्रेकचं गणित मराठीत समजावलं तर पुढचं इंग्रजी पुस्तक ती वाचू शकतात. विश्वकोशातल्या गणिताच्या नोंदी इंटरनेटवर मोफत आहेत, जरा कोरड्या आहेत. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात.

उपयोग बाजूला ठेवा. नुसत्या आनंदासाठी शिकण्यासारखं आहे का?

मला विचाराल तर हेच खरं कारण आहे.

गावातल्या वडाच्या गोल पाराची कल्पना करा. मध्यापासून कडेपर्यंत १० फूट. त्याला सगळीकडून एक इंच वाढवायचं ठरलं. किती जागा वाढेल? ती एक इंच रुंदीची पट्टी आहे. सरळ केली तर तिची लांबी पाराच्या घेराइतकी, सुमारे ६२.८ फूट. म्हणजे सव्वापाच चौरस फुटांच्या आसपास. क्षेत्रफळाचं सूत्र वापरून ताडून पाहा, ५.२६ येतं. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्याचा परीघ, आणि हे सूत्र न मांडता, नुसती पट्टी डोळ्यांसमोर आणून कळतं. गोलाचं घनफळ आणि त्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ यांचंही नातं अगदी हेच. शाळेत ही चार सूत्रं आपण वेगवेगळी पाठ केली होती.

सुरुवात कुठून करू, आणि कुठे थांबलं तर चालेल?

आलेख वाचण्यापासून करा. डेस्मॉस किंवा जिओजेब्रा हे दोन्ही मोफत आहेत. त्यात क्ष च्या वर्गाचा आलेख काढा आणि एका बिंदूपाशी झूम करत जा. वाकडी रेषा सरळ दिसायला लागते. त्या सरळ रेषेचा चढ म्हणजे डेरिव्हेटिव्ह. एक संध्याकाळ यात घालवा, सूत्राला हात लावू नका. मग वर्ग, घन, साइन आणि घातांकी फल, एवढ्यांचे डेरिव्हेटिव्ह, मग कमाल-किमान, मग आलेखाखालचं क्षेत्रफळ, मग या दोन्हींना जोडणारा मूलभूत सिद्धान्त.

इथे थांबलं तर चालेल. कमाल-किमानाशी थांबलात तरी वीजबिल आणि युरियाची गोणी पदरात पडलेली असेल. मूलभूत सिद्धान्ताच्या अलीकडे थांबू नये असं मात्र मला वाटतं. तो समजेपर्यंत दोन अर्धे तुकडे हातात राहतात. त्याच्या पलीकडे इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स वगैरे सुरू होतं. परीक्षा नसेल तर पुस्तक तिथे मिटायला हरकत नाही. हौस उरली असेल तर युक्त्यांऐवजी डिफरन्शियल इक्वेशन्सकडे वळा: कॅफिनचं, थंड होणाऱ्या चहाचं आणि साथीच्या लाटेचं गणित तिथे आहे.